राजाच्या उशाशी : इच्छामरणाच्या कायद्याला वैद्यांनी विरोध का केला?

१/
२० जानेवारी १९३६ ची रात्र. इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात, सँड्रिंगहॅमच्या राजनिवासात, पंचम जॉर्ज अखेरच्या घटका मोजत होते. ज्यांच्या १९११ मधील मुंबई-आगमनाचे स्मारक म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले, तेच हे सम्राट. रात्री साडेनऊच्या सुमारास राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनी एका वाक्याचे निवेदन काढले : राजांचे आयुष्य शांतपणे समाप्तीकडे चालले आहे. बाराला पाच मिनिटे कमी असताना राजांनी प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी साम्राज्याने ती वार्ता वाचली.

२/
या मृत्यूचे झाकलेले पान उघडायला पन्नास वर्षे लागली. डॉसन यांचे चरित्रकार फ्रान्सिस वॉटसन यांनी १९८६ साली 'हिस्टरी टुडे' या मासिकात डॉसन यांच्या खासगी टिपणांतील मजकूर प्रसिद्ध केला. १९५० साली लिहिलेल्या चरित्रात त्यांनी तो घेतला नव्हता. टिपणांनुसार रात्री अकराच्या सुमारास डॉसन यांनी राजांच्या मानेतील फुगलेल्या शिरेत आधी पाऊण ग्रेन मॉर्फिन आणि थोड्या वेळाने एक ग्रेन कोकेन टोचले. आजच्या मापात सांगायचे तर अनुक्रमे सुमारे ५० आणि ६५ मिलिग्रॅम. राजे तेव्हा शुद्धीवर नव्हते.

३/
हे का केले, तेही डॉसन यांनी लिहून ठेवले आहे. अखेरची अवस्था आणखी कित्येक तास लांबण्याची चिन्हे होती, आणि भोवती ताटकळलेल्या आप्तांची दमणूक होत होती. पण आणखी एक कारण होते. निधनाची वार्ता सकाळच्या भारदस्त वृत्तपत्रांत प्रथम यावी, दुपारनंतर निघणाऱ्या हलक्या पत्रांत नव्हे, अशी त्यांची इच्छा होती. 'टाइम्स'ने अंक थोडा थांबवावा, असा निरोप त्यांनी लंडनमधील पत्नीकडे दूरध्वनीने धाडला होता. असाध्य आजारात आयुष्य उगाच लांबवू नये, असे राणी आणि युवराज यांनी सांगितले होते. परंतु लांबवू नये म्हणणे वेगळे आणि संपवावे म्हणणे वेगळे. खुद्द राजांना तर कोणीच काही विचारले नव्हते.

४/
त्या खोलीत आणखी एक व्यक्ती होती. सिस्टर कॅथरिन ब्लॅक, राजांची अनेक वर्षे शुश्रूषा करणारी परिचारिका. एरवी सुई टोचण्याचे काम बहुधा तिच्याकडेच आले असते. डॉसन यांनी मात्र टिपणात मुद्दाम नोंदवले आहे की इंजेक्शन आपण स्वतः दिले, कारण या कृतीने सिस्टर अस्वस्थ झाली होती, हे उघड दिसत होते. बस, एवढेच. तिने काय म्हटले, काही म्हटले की नाही, ते टिपणात नाही. ही अर्धी ओळ लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

५/
आता दहा महिने पुढे. १ डिसेंबर १९३६ रोजी ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, स्वेच्छा-दयामरण कायदेशीर करण्याचे विधेयक चर्चेला आले. लॉर्ड डॉसन बोलायला उभे राहिले. त्या वेळी ते रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्षही होते, म्हणजे देशातील वैद्यकीय व्यवसायाचा सर्वांत वजनदार आवाज. त्यांनी विधेयकाला विरोध केला!

हा निव्वळ दांभिकपणा म्हणून सोडून देता येईल. पण मग आपण एक महत्त्वाचा प्रश्न गमावून बसू. 'हे वैद्यांचे काम नव्हे' असे वैद्य म्हणतो, तेव्हा तो नेमके काय म्हणत असतो?

६/
आधी शब्द निश्चित करू, कारण या विषयात निम्मे वाद शब्दांच्या गोंधळातून होतात. रुग्णाच्या विनंतीवरून डॉक्टरने स्वतः प्राणघातक औषध देणे, हे सक्रिय दयामरण. डॉक्टरने औषध लिहून द्यावे आणि रुग्णाने ते स्वतःच्या हाताने घ्यावे, हा साहाय्यित मृत्यू. आयुष्य कृत्रिमपणे टिकवणारे उपचार थांबवणे किंवा सुरूच न करणे, याला आपल्याकडे निष्क्रिय दयामरण म्हणतात. आणि वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे कमी झाले, तर ती चौथी गोष्ट. १९३६ चे विधेयक पहिल्या प्रकाराविषयी होते.

७/
विरोधाची सर्वांत जुनी नोंद हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत आहे. कोणी मागितले तरी प्राणघातक औषध देणार नाही आणि तसा सल्लाही देणार नाही, असे वचन त्या शपथेत वैद्य देतो. मात्र ही शपथ म्हणजे सगळ्या ग्रीक वैद्यांचे एकमत होते, असा समज करून घेऊ नये. त्या जगात असाध्य रोग्याला विष देणारे वैद्य होते. ही शपथ पायथागोरसच्या अनुयायांसारख्या एका अल्पसंख्य पंथाच्या नीतीतून आली असावी, असा युक्तिवाद लुडविग एडेलस्टाइन या इतिहासकाराने १९४३ साली मांडला. म्हणजे जन्मतःच ती नियमाचे वर्णन कमी आणि नकाराची घोषणा अधिक होती : इतर देत असतील, आम्ही देणार नाही.

८/
'युथनेशिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'सुखाने आलेले मरण'. फ्रान्सिस बेकनने १६०५ साली वैद्यांना उद्देशून लिहिले की बरे करणे हेच तुमचे काम नव्हे, जाणाऱ्याची वाट सुकर करणे हेही तुमचेच काम आहे. १८२६ साली ग्योटिंगनचे वैद्य कार्ल मार्क्स (तत्त्वज्ञ मार्क्स नव्हेत, नामसाधर्म्य आहे) यांनी याच विषयावर व्याख्यान दिले. त्यांच्या लेखी युथनेशिया म्हणजे मरणासन्न माणसाची काळजी घेण्याची विद्या होती, आणि मृत्यू घाईने ओढवून आणणे त्यात बसत नव्हते. शब्द तोच राहिला, अर्थ पुढे बदलला.

९/
तो बदलला एकोणिसाव्या शतकात, आणि त्यामागे औषधे व उपकरणे होती. मॉर्फिन अफूपासून वेगळे काढता येऊ लागले, क्लोरोफॉर्म आले, १८५० च्या दशकात त्वचेखाली औषध टोचणारी पिचकारी आली. प्रथमच वेदनेवर जवळजवळ पूर्ण ताबा वैद्याच्या हाती आला, आणि त्याच हाती वेदनारहित मृत्यूही आला. १८७० साली बर्मिंगहॅममधील एका चर्चामंडळाच्या निबंधसंग्रहात सॅम्युअल विल्यम्स यांनी सुचवले की असाध्य व वेदनामय आजारात, रुग्णाची इच्छा असेल तर, डॉक्टरने क्लोरोफॉर्मने त्याचे आयुष्य संपवावे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की विल्यम्स वैद्य नव्हते. मागणी समाजातून आली आणि कृती मात्र वैद्याने करायची होती.

१०/
विसाव्या शतकात चित्र पालटले. लेस्टर शहराचे आरोग्याधिकारी डॉ. किलिक मिलर्ड यांनी १९३१ साली आपल्या व्यावसायिक संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात दयामरणाच्या कायद्याचा पुरस्कार केला. १९३५ साली त्यासाठी संस्था स्थापन झाली, आणि तिचे अध्यक्षपद लॉर्ड मॉयनिहन या ख्यातनाम शल्यवैद्यांकडे आले. संसदेत विधेयकाची बाजू त्यांनीच मांडायची होती, पण सप्टेंबर १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. मग ती जबाबदारी लॉर्ड पॉन्सनबी यांनी घेतली. म्हणजे या वादात वैद्यकीय व्यवसाय एका बाजूला आणि समाज दुसऱ्या बाजूला, असे सरळ चित्र कधीच नव्हते. वैद्य दोन्हीकडे होते.

११/
विधेयकातील अटी पाहा. रुग्ण २१ वर्षांवरील आणि पूर्ण भानावर असलेला हवा. आजार असाध्य, प्राणघातक आणि तीव्र वेदना देणारा हवा. रुग्णाने दोन साक्षीदारांसमोर अर्जावर सही करायची, त्याला दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रे जोडायची, आणि आरोग्यमंत्र्याने नेमलेल्या 'दयामरण-निर्णेत्या'ने रुग्णाची भेट घेऊन खातरजमा करायची. आज जगभर ज्या अटींवर चर्चा होते त्यांपैकी बहुतेकांची बीजे इथे आहेत.

१२/
चर्चेत नैतिक विरोध अपेक्षेप्रमाणे धर्माकडून आला. कॅथलिक उमराव लॉर्ड फिट्झॲलन यांनी विधेयक फेटाळण्याचा प्रस्ताव मांडला, आणि कँटरबरीचे आर्चबिशप कॉस्मो लँग यांनीही विरोधी बाजू घेतली. या विरोधाचा गाभा असा : जीवन हे माणसाला मिळालेले दान आहे, त्याच्यावर त्याची मालकी नाही. ही भूमिका मानणारा स्वतःच्या बाबतीतही तीच लावतो, म्हणून ती सुसंगत आहे. तिची मर्यादा एवढीच की ज्याची तशी श्रद्धा नाही, त्याच्यावर ती कायद्याने का लादावी, याचे उत्तर ती देत नाही.

१३/
सभागृहात अधिक वजन पडले ते दोन वैद्यांचे : डॉसन आणि हॉर्डर. हॉर्डर यांचे म्हणणे असे की आयुष्य वाढवणे आणि मरणाची क्रिया वाढवणे यांतील फरक चांगल्या डॉक्टरला कळतो, त्यासाठी कायद्याची गरज नाही. डॉसन यांची मांडणी आणखी पुढे गेली. मरण सौम्य व्हावे, त्यात आयुष्य थोडे कमी झाले तरी चालेल, अशी दृष्टी वैद्यांत हळूहळू रुजत आहे. ती वैद्याच्या विवेकावर सोडा, कायद्याच्या कक्षेत आणू नका. अर्ज, साक्षीदार आणि अधिकारी यांची वर्दळ सुरू झाली की रुग्णाच्या खोलीचे कचेरीत रूपांतर होईल. विधेयक १४ विरुद्ध ३५ मतांनी पडले.

१४/
डॉसन बोलत होते तेव्हा सँड्रिंगहॅमची रात्र सभागृहात कोणालाही ठाऊक नव्हती. ती आज आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या भाषणात आपल्याला दोन वेगळे विरोध ऐकू येतात, जे त्या दिवशी एकाच आवाजात मिसळलेले होते.

पहिला विरोध : हे आम्ही करणार नाही.
दुसरा विरोध : हे आम्हाला विचारू नका.

पहिला स्वतःच्या हातावर बंधन घालतो. दुसरा स्वतःचा हात मोकळा ठेवतो. दोन्ही व्यवसायाच्या प्रतिष्ठेची भाषा बोलतात आणि दोन्ही 'वैद्यकीय विवेक' हाच शब्द वापरतात. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांना वेगळे करायला हवे.

१५/
गंमत अशी की सँड्रिंगहॅमची घटना आज दोन्ही पक्ष आपला पुरावा म्हणून वापरू शकतात.

कायदा हवा म्हणणारे म्हणतील : पाहा, डॉक्टर हे करतच होते, पण अंधारात. कायदा असता तर रुग्णाला विचारावे लागले असते, दुसऱ्या डॉक्टरची सही लागली असती.

विरोधक म्हणतील : पाहा, देशातला सर्वांत नामवंत आणि हेतूने सज्जन असा वैद्य, जगातला सर्वांत सामर्थ्यवान रुग्ण, आणि तरीही मृत्यूच्या वेळेवर ताबा येताच त्या निर्णयात वृत्तपत्राच्या छपाईची वेळ शिरली. राजाच्या बाबतीत हे घडते, तर रुग्णालयाचे बिल वाढत असलेल्या निराधार म्हातारीच्या बाबतीत काय शिरेल?

१६/
या दुसऱ्या युक्तिवादाला लवकरच भीषण पार्श्वभूमी लाभली. १९२० साली जर्मनीत कायदेपंडित बिंडिंग आणि मनोविकारतज्ज्ञ होखे यांनी 'जगण्यास अपात्र जीवन' नष्ट करण्याच्या परवानगीवर पुस्तक लिहिले होते. ऑक्टोबर १९३९ मध्ये हिटलरने एका पत्रावर सही केली आणि तारीख मागची घातली, १ सप्टेंबर, म्हणजे युद्धारंभाची. त्या पत्राने सुरू झालेल्या 'टी-४' मोहिमेत ऑगस्ट १९४१ पर्यंत, तिच्याच अंतर्गत हिशेबानुसार, ७०,२७३ मनोरुग्ण व अपंग व्यक्तींना वायूने मारण्यात आले. निवडीच्या अर्जांवर खुणा करणारे डॉक्टर होते. ऑगस्ट १९४१ मध्ये म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी प्रवचनातून त्याचा जाहीर निषेध केला.

१७/
इथे प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. टी-४ मध्ये कोणीही मरण मागितले नव्हते. ती कत्तल होती, आणि तिला 'दयामरण' म्हणणे हा मारेकऱ्यांचा शब्द होता. म्हणून स्वेच्छेच्या कायद्याचे समर्थन करणाऱ्या प्रत्येकावर तो दाखला फेकणे अन्यायाचे ठरते. तरीही वैद्यकीय व्यवसायाने त्यातून एक धडा घेतला. न्यूरेंबर्ग येथील डॉक्टरांच्या खटल्यात सल्लागार असलेले लिओ अलेक्झांडर यांनी १९४९ साली लिहिले की आरंभ फार लहान होता. काही आयुष्ये जगण्याच्या लायकीची नसतात, हे मत वैद्याने मनात स्वीकारले, आणि पुढचे सारे त्यातून वाढत गेले. या विरोधाला देवाची गरज नव्हती. तो व्यवसायाच्या आत्मपरीक्षणातून आला होता.

१८/
१९५७ साली कायदेपंडित ग्लॅनव्हिल विल्यम्स यांनी स्वेच्छा-दयामरणाचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले, आणि १९५८ साली अमेरिकी विधिज्ञ येल कमिसार यांनी त्याला धर्मनिरपेक्ष उत्तर दिले. कमिसार यांचे प्रश्न आजही शिळे झालेले नाहीत. वेदना आणि गुंगी यांच्यामध्ये हेलकावणाऱ्या माणसाची संमती कितपत पक्की? निदान चुकले तर? आणि सर्वांत टोचणारा प्रश्न : जगण्याची इच्छा असूनही, घरच्यांना आपले ओझे होते असे वाटून, जो 'मला जाऊ द्या' म्हणेल, त्याला कसे ओळखायचे? मरणाचा हक्क कायद्यात आला की जगत राहणे हीदेखील निवड ठरते, आणि मग त्या निवडीचे समर्थन द्यावे लागते. विल्यम्स यांचे उत्तर असे की काहींच्या संभाव्य गैरवापरासाठी, ज्याची संमती निर्विवाद आहे त्याला यातनेत ठेवणे हेही क्रौर्यच. हा वाद दोघांपैकी कोणीही पूर्णपणे जिंकला नाही.

१९/
त्याच १९५७ साली इंग्लंडमध्ये डॉ. बॉडकिन ॲडम्स यांच्यावरील खुनाच्या खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्यूरीला सांगितले की वेदनाशमनासाठी आवश्यक ते सारे करण्याचा डॉक्टरला अधिकार आहे, मग त्याने ओघात आयुष्य थोडे कमी झाले तरीही. ॲडम्स निर्दोष सुटले. पोप बारावे पायस यांनीही त्याच वर्षी भूलतज्ज्ञांपुढे याच आशयाची भूमिका मांडली. कसोटी ठरली ती हेतूची. या कसोटीवर डॉसन कुठे उभे राहतात? वेदनाशमन म्हणावे तर राजे बेशुद्ध होते, आणि शेवट ठरवण्याचाच निश्चय केला, असे टिपणातले त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे.

२०/
विरोधाचा सर्वांत विधायक अवतार १९६७ साली लंडनमध्ये दिसला. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मॉर्फिन वेदना असह्य होईपर्यंत न थांबता नेमाने द्यायचे, आणि शरीराबरोबर मनाची, नात्यांची व श्रद्धेची वेदनाही वेदनाच मानायची, ही त्यांची रीत. दयामरणाच्या कायद्याला त्यांचा ठाम विरोध होता. पण त्यांनी नकारापुढे थांबून समाधान मानले नाही. 'हे आम्ही करणार नाही' असे म्हणणाऱ्यावर 'मग आम्ही काय करू' हे सांगण्याचीही जबाबदारी येते, हे त्यांनी कृतीने दाखवले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली उघडलेले शांती आवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिस याच विचारधारेतले.

२१/
इथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न येईल. आपल्याकडे प्रायोपवेशनाची परंपरा आहे. सावरकरांनी १९६६ मध्ये आणि विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न व औषध सोडून देह ठेवला. मग वैद्यांच्या विरोधाला आपल्या संस्कृतीत कितीसा अर्थ? पण फरक पाहा. प्रायोपवेशनात कृती त्या व्यक्तीची स्वतःची असते, आणि भोवतालच्यांनी फक्त आड यायचे नसते. व्यावसायिक विरोधाचा प्रश्न दुसऱ्याचा हात मागितला जातो तेव्हाच उभा राहतो. माणसाला मरण मागण्याचा हक्क आहे का, हा एक प्रश्न. ते देण्याचे कर्तव्य अमुक एका व्यवसायावर टाकता येते का, हा दुसरा.

२२/
हा दुसरा प्रश्न भारतात सर्वांत तीव्रतेने विचारला गेला तो मुंबईच्या परळ भागात, किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयात. योगायोग असा की या रुग्णालयाला नाव आहे ते पंचम जॉर्ज यांच्या वडिलांचे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथे काम करणाऱ्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, त्या त्याच रुग्णालयात राहिल्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, शुश्रूषा चालू राहिली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

२३/
पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी २००९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली : अरुणा यांना अन्न देणे थांबवावे आणि त्यांना शांतपणे जाऊ द्यावे. रुग्णालयाच्या परिचारिकांनी व डॉक्टरांनी कडाडून विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाचा मार्ग देशात प्रथमच मोकळा केला. आणि एक विलक्षण गोष्ट सांगितली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून, इतकी वर्षे त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा आहे. पुढे त्यांचे मत बदलले, तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावे.

२४/
डॉसन आणि परळच्या परिचारिका, दोघांनीही 'यात बाहेरच्यांनी पडू नये' असेच म्हटले. पण डॉसन यांच्या म्हणण्यामागे एका रात्रीचे गुपित होते, आणि परिचारिकांच्या म्हणण्यामागे सगळ्यांसमोर केलेली चार दशकांची सेवा. तरीही परिचारिकांची बाजू निर्विवाद मानू नये. अरुणा यांना काय हवे होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. चमच्याने भरवलेला घास गिळला जातो, त्यात जगण्याची इच्छा वाचायची की केवळ शरीराची सवय? प्रेमही कधीकधी दुसऱ्याच्या वतीने बोलू लागते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली ती यासाठीच : बोलता येते तोवर माणसाने स्वतःच बोलून ठेवावे. सक्रिय दयामरण मात्र भारतात आजही गुन्हाच आहे.

२५/
पश्चिमेत व्यावसायिक विरोधाची तटबंदी आता एकसंध राहिलेली नाही. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांच्या संघटनेनेच अटी घडवण्यात भाग घेतला आणि २००२ मध्ये कायदा अमलात आला. जागतिक वैद्यकीय संघटनेने मात्र २०१९ मध्ये तिबिलिसी येथे आपला विरोध पुन्हा नोंदवला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने सप्टेंबर २०२१ मध्ये ४८ विरुद्ध ४९ टक्के मतांनी विरोध सोडून तटस्थता स्वीकारली. २० जून २०२५ रोजी ब्रिटिश कनिष्ठ सभागृहाने साहाय्यित मृत्यूचे विधेयक २९१ विरुद्ध ३१४ मतांनी संमत करून लॉर्ड्सकडे धाडले. त्यात विधिज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांच्या मंडळाची तरतूद होती, म्हणजे १९३६ च्या निर्णेत्याचाच विस्तार. आणि मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने त्याआधीच कळवले होते की आहे त्या स्वरूपात आम्ही याला पाठिंबा देऊ शकत नाही.

२६/
मग या इतिहासातून काय घ्यायचे? कायदा असावा की नसावा, याचा निकाल धाग्यात लागत नाही, आणि तो लावण्याचा माझा अधिकारही नाही. पण विरोध तपासण्याची एक रीत मात्र हाती लागते. डॉक्टर 'हे आमचे काम नव्हे' म्हणतात, तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. हा नकार त्यांच्या स्वतःच्या हातालाही बांधतो का? नकारानंतर रुग्णासाठी ते काय करतात? आणि त्यांनी केलेल्याचा हिशेब कोणाला मागता येतो का? सॉन्डर्स आणि परळच्या परिचारिका पहिल्या दोन कसोट्यांवर उतरतात. डॉसन तिन्हींवर नापास होतात. कायद्याच्या समर्थकांनाही हेच विचारता येईल, कारण अर्जावर सह्या वाढल्या म्हणजे जबाबदारी वाढतेच असे नाही. कधीकधी ती सह्यांत वाटली जाऊन नाहीशीही होते.

२७/
आता सिस्टर ब्लॅक. १९३९ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. राजाची आणि गरिबांची, दोघांचीही शुश्रूषा केलेल्या बाईंचे ते पुस्तक. त्या रात्रीच्या सुईबद्दल त्यात अवाक्षर नाही. व्यवसायाची निष्ठा म्हणून त्या गप्प राहिल्या असतील, किंवा बोलण्याची सोयच नसेल. संसदेत त्यांना कोणी बोलावले नाही. राजवैद्याचे भाषण मात्र संसदेच्या छापील कामकाजात शब्दशः आहे.

सँड्रिंगहॅमच्या त्या खोलीत आक्षेप घेणारी कदाचित ती एकटीच होती. तिचा आक्षेप आपल्यापर्यंत पोहोचला तो ज्याच्या कृतीवर आक्षेप होता त्याच्याच टिपणातून, पन्नास वर्षांनी, अर्ध्या ओळीत.

(धागा समाप्त. मतभेद असतील तर अवश्य लिहा, फक्त एक विनंती : घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल अशा वाचकांचीही इथे उपस्थिती आहे, हे ध्यानात ठेवून लिहा.)